रस्त्याखालचा रस्ता

नवा गुळगुळीत रस्ता झाला की महिन्याभरात कोणीतरी येऊन तो खणतो, हा आपल्या शहरांतला नेहमीचा अनुभव आहे. कधी पाण्याचा नळ फुटलेला असतो, कधी विजेची केबल टाकायची असते, कधी सांडपाण्याची वाहिनी तुंबलेली असते. ‘सगळे एकदमच करायला यांना काय होते?’ असे आपण म्हणतो आणि खड्ड्याला वळसा घालून पुढे जातो. हा प्रश्न आपल्याला आजचा वाटत असला तरी तो निदान दोनशे वर्षांचा आहे. त्याचे उत्तरही जुने आहे. लंडन शहरात १८६१ साली ते प्रत्यक्ष बांधून दाखवले गेले. मग जगातली बहुतेक शहरे अजूनही रस्ते का खणतात? या प्रश्नाचा माग काढताना आपल्याला थोडे पदार्थविज्ञान, थोडे रसायनशास्त्र आणि बराचसा हिशेब लागणार आहे.

रस्त्याच्या पोटातली गर्दी

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांखाली फारसे काही नव्हते. काही ठिकाणी पावसाचे पाणी वाहून नेणारी विटांची गटारे होती आणि पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांचे लाकडी नळ होते. एल्म वृक्षाचे खोड आरपार पोखरायचे आणि एका खोडाचे निमुळते टोक दुसऱ्यात ठोकून बसवायचे, अशी ती रचना होती. लाकूड कुजे, सांधे गळत आणि जास्त दाबाचे पाणी त्यांतून नेता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्यांची जागा बिडाच्या नळांनी घेतली.

याच सुमारास गॅस आला. १८०७ मध्ये पॅल मॅल या रस्त्यावर दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे लागले आणि १८१२ मध्ये गॅस पुरवणाऱ्या पहिल्या कंपनीला सनद मिळाली. पाहता पाहता अशा अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक मिळवण्याच्या चढाओढीत एकाच रस्त्याखाली दोन-तीन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी पडू लागले. गॅस-कंपन्यांना शहराचे विभाग वाटून देऊन ही चढाओढ थांबवणारा कायदा व्हायला १८६० साल उजाडले. तोपर्यंत प्रत्येक कंपनी संसदेकडून मिळालेला रस्ता फोडण्याचा अधिकार मनमुराद वापरत होती.

हे थांबवण्याची कल्पना त्या काळातच निघाली होती. जॉन विल्यम्स नावाच्या गृहस्थांनी १८२८ मध्ये लंडनच्या ‘भुयारी मार्गां’विषयी एक पुस्तकच प्रसिद्ध केले. रस्त्याखाली एक भुयार बांधावे, पाण्याचे आणि गॅसचे नळ त्यातून न्यावेत, म्हणजे वरच्या फरसबंदीला हात न लावता सर्व घरांना पुरवठा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना कोणालाही पटावी अशी होती. पण ती अमलात आणील अशी संस्थाच नव्हती. लंडनचा कारभार तेव्हा शेकडो लहानमोठ्या मंडळांमध्ये विभागलेला होता. दोन मंडळांची हद्द काही ठिकाणी एकाच रस्त्याच्या मधून जात असे.

एका खड्ड्यामुळे दुसरा खड्डा

रस्ता एकदा खणला की तो पुन्हा खणावा लागण्याची शक्यता वाढते. असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

जमिनीतल्या मातीचे कण वर्षानुवर्षांच्या दाबाने एकमेकांत घट्ट बसलेले असतात. ती उकरली की कणांमध्ये हवा शिरते आणि मातीचे आकारमान वाढते. म्हणून खड्ड्यातून काढलेली माती पुन्हा भरली तर खड्डा भरून वर ढीग उरतो. थरावर थर देऊन प्रत्येक थर नीट धुमसला नाही, तर ही पोकळ माती वाहनांच्या वजनाने आणि पावसाच्या पाण्याने पुढचे कित्येक महिने बसत राहते. हे वर्गात सहज दाखवता येते. काचेच्या बरणीत कोरडी वाळू अलगद ओतावी, पातळीची खूण करावी आणि बरणी टेबलावर हळूहळू आपटावी. वाळू जराही न काढता पातळी खाली गेलेली दिसेल.

आता या बसणाऱ्या मातीत बिडाचा नळ आहे अशी कल्पना करू. त्या काळी नळांचा सांधा असा करत : एका नळाच्या रुंद तोंडात दुसऱ्याचे सरळ टोक घालायचे, मधल्या फटीत तागाचा दोर ठासायचा, त्यावर वितळलेले शिसे ओतायचे आणि थंड झाल्यावर छिन्नी-हातोड्याने ठोकून ते घट्ट करायचे. शिसे मऊ असल्याने सांधा थोडे हेलकावे सहन करी. बीड मात्र ठिसूळ असते, ते वाकत नाही, तडकते. शेजारी चर खणला की नळाचा आधार एका बाजूने सुटे. माती खचे, सांधा सैल होई, पाणी किंवा गॅस झिरपू लागे. पाण्याच्या कंपनीने खणलेल्या चरामुळे गॅसचा नळ गळे. तो दुरुस्त करायला गॅस-कंपनी खणे आणि पाण्याच्या नळाखालची माती सैल करी.

शिवाय नुसते गणित पाहा. एका रस्त्याखाली पाच यंत्रणांच्या वाहिन्या आहेत आणि प्रत्येक यंत्रणा पाच वर्षांतून एकदाच खणते असे समजू. यात कोणाचाही बेजबाबदारपणा नाही. तरीही तो रस्ता सरासरीने दरवर्षी एकदा खणला जाणार!

बॅझलजेटची संधी

लंडनला एकत्र कारभार मिळाला तो ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ या मंडळामुळे. १८५५ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि जोसेफ बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता झाले. १८४८-४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे मेली होती. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी आणि कॉलरा यांचा संबंध दाखवला होता. तो अजून सर्वमान्य झाला नव्हता. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी संसदभवनात बसू देईना, तेव्हा खासदारांनी घाईघाईने पैसे मंजूर केले आणि १८५९ मध्ये बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांचे काम सुरू झाले. शहराचे सांडपाणी नदीत पडण्याआधीच अडवून पूर्वेला दूर नेणारी ही गटारे होती.

त्यांतले सर्वांत खालच्या पातळीवरचे गटार नदीकाठच्या भागातून जायला हवे होते. तिथे स्ट्रँड आणि फ्लीट स्ट्रीट हे लंडनमधले अत्यंत गजबजलेले रस्ते होते. ते खोलवर खणणे म्हणजे शहराचा व्यवहार महिनोन् महिने ठप्प करणे. बॅझलजेट यांनी गर्दीचा रस्ता खणण्याऐवजी नदीचाच काठ पुढे सरकवला. भिंत बांधून सुमारे ३७ एकर जमीन नदीतून मिळवली आणि तिच्या पोटात गटार घातले. जुलै १८७० मध्ये खुला झालेला हा ‘व्हिक्टोरिया एम्बँकमेंट’. त्याचा आडवा छेद पाहिला तर आजही कौतुक वाटते. वर झाडे लावलेला रुंद रस्ता. त्याखाली नदीच्या बाजूला नळांसाठी भुयार. त्या भुयाराच्याही खाली मोठे गटार. आणि शेजारून धावणारी भुयारी रेल्वे. एकदा उघडलेल्या जमिनीत चार कामे उरकून घेतली होती.

नळांच्या भुयाराचा पहिला प्रयोग मात्र याआधीच झाला होता. कोव्हेंट गार्डनजवळ मंडळ गॅरिक स्ट्रीट हा नवा रस्ता काढत होते. तो १८६१ मध्ये तयार झाला तेव्हा त्याच्या मधोमध, फरसबंदीखाली, विटांच्या कमानीचे एक भुयार होते. माणूस आत शिरून चालू शकेल एवढे ते उंच होते. गॅसचे आणि पाण्याचे नळ तिथे उघडे ठेवता येत होते आणि भुयारातून दोन्ही बाजूंच्या घरांकडे लहान फाटे गेले होते. नळ गळला तर कंदील घेऊन एक कारागीर खाली उतरणार आणि सांधा ठोकून वर येणार. रस्त्यावरच्या घोडागाडीला त्याचा पत्ताही लागणार नाही. पुढे १८६४ मध्ये साउथवर्क स्ट्रीट, मग क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट, नॉर्थंबरलंड ॲव्हेन्यू, १८८० च्या दशकात शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू आणि चेअरिंग क्रॉस रोड अशा मंडळाने काढलेल्या अनेक नव्या रस्त्यांखाली अशी भुयारे आली. यांतली बरीच आजही वापरात आहेत. बॅझलजेट यांच्या काळात ज्यांची कल्पनाही नव्हती अशा प्रकाशतंतूंच्या केबली आज त्यांच्यातून गेल्या आहेत.

गॅस-कंपन्यांचा आक्षेप

गॅस-कंपन्या मात्र भुयारात यायला सहजासहजी तयार नव्हत्या. त्यांचे म्हणणे असे की, मातीत पुरलेल्या नळातून गॅस गळला तर तो हळूहळू मातीतून निघून जातो. भुयारात तो साचेल आणि एखाद्या कारागिराच्या कंदिलाने स्फोट होईल. हा आक्षेप आपण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तपासू.

कोळशाच्या गॅसमध्ये मुख्यतः हायड्रोजन आणि मिथेन असे, शिवाय काही प्रमाणात विषारी कार्बन मोनॉक्साइड. हवेत या गॅसचे प्रमाण साधारण ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असले तर ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणजे भीती निराधार नव्हती. पण हा गॅस हवेपेक्षा हलका असतो. म्हणून भुयाराच्या कमानीला वरच्या बाजूस झरोके ठेवले तर तो आपोआप वर चढून बाहेर पडतो. भुयारांना रस्त्याच्या मध्यभागी जाळीचे झरोके ठेवलेले असत, ते यासाठीच. सारा प्रश्न हवा खेळती ठेवण्याचा होता.

आणि मातीत पुरलेला नळ तरी कुठे निर्धोक होता? जुलै १८८० मध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडच्या परिसरात नव्याने टाकलेल्या एका मोठ्या पुरलेल्या नळातच गॅस आणि हवेचे मिश्रण तयार झाले आणि एकामागून एक रस्ते उखडत गेले. उलट बाजूचाही दाखला आहे. डिसेंबर १९२८ मध्ये हाय होबर्न भागात एका जुन्या बोगद्यात स्फोट होऊन रस्ता उद्ध्वस्त झाला. तो बोगदा मुळात हवेच्या दाबाने टपालाचे डबे ढकलण्यासाठी बांधलेला होता, नंतर त्यात तारा टाकल्या होत्या. नळांच्या भुयारासारखी त्याला हवा खेळण्याची सोय नव्हती. थोडक्यात, भुयार सुरक्षित की धोक्याचे, हे त्याच्या झरोक्यांवर आणि देखरेखीवर ठरते.

पॅरिसने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १८५३ ते १८७० या काळात ओसमान यांच्या अधिकाराखाली शहराची पुनर्रचना झाली, तेव्हा बेल्ग्राँ या अभियंत्याने गटारेच इतकी प्रशस्त बांधली की त्यांच्या वरच्या भागात पाण्याचे नळ बसवता आले. पुढे तारायंत्राच्या तारा आणि टपालाच्या हवादाबाच्या नळ्याही तिथेच गेल्या. गॅसला मात्र स्फोटाच्या भीतीने गटारात प्रवेश नव्हता. ही व्यवस्था पॅरिसला मानवली याचे एक कारण असे की, सुरुवातीला या गटारांतून मुख्यतः पावसाचे आणि रस्ते धुतल्याचे पाणी वाहत होते. घरांतला मैला गटारात सोडण्याची सक्ती करणारा कायदा १८९४ मध्ये झाला.

विजेला तयार घर मिळाले

भुयाराचा खरा फायदा कळला तो नवी वस्तू आल्यावर. १८८१ मध्ये इंग्लंडमधल्या गोडाल्मिंग या लहानशा गावात रस्त्यावर विजेचे दिवे लागले, तेव्हा बऱ्याच तारा रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून नेल्या होत्या. रस्ता खणण्याचा अधिकार गॅस आणि पाण्याच्या कंपन्यांना होता. विजेला तो नव्हता.

लंडनमध्ये एडिसन यांच्या माणसांनी विचारपूर्वक जागा निवडली. फ्लीट नदीच्या घळीवर विल्यम हेवूड या अभियंत्याने बांधलेला होबर्न व्हायाडक्ट हा सुमारे १,४०० फूट लांबीचा उन्नत रस्ता १८६९ मध्ये खुला झाला होता आणि त्याच्या पोटात नळांसाठी भुयारे होती. जानेवारी १८८२ मध्ये तिथे एडिसन यांचे वीजकेंद्र सुरू झाले. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या जनित्रापासून दिव्यांपर्यंत तारा त्या तयार भुयारातून गेल्या. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचेच पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झाले. तिथे मात्र तारा पुरण्यासाठी रस्त्यारस्त्यांतून चर खणावे लागले. ज्या रस्त्याचे नियोजन झाले तेव्हा वीजपुरवठा हा शब्दही नव्हता, त्या रस्त्याने विजेला जागा दिली. पुढे नेमके काय येणार हे माहीत नसतानाही जागा राखून ठेवता येते, हे आम्हांला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते.

मग सगळीकडे का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लंडनमधली ही भुयारे प्रामुख्याने नव्याने काढलेल्या रस्त्यांखाली आहेत, हे आपल्या लक्षात आले असेल. जुन्या, चालत्या रस्त्याखाली भुयार घालायचे तर आधीचे सगळे नळ चालू ठेवूनच हलवावे लागतात, तेही घरांच्या पायांना धक्का न लावता. हे काम अवघड आणि महाग आहे.

पण महाग कोणाला? इथे हिशेबाची खरी गोम आहे. कंपनीने चर खणला की तिच्या वहीत मजुरीचा आणि नळाचा खर्च लागतो. त्या दिवसांत दुकानदाराचे बुडालेले गिऱ्हाईक, गाड्यांचा खोळंबा, शेजारच्या सैल झालेल्या नळातून वाया गेलेले पाणी, वर्षभराने खचलेला रस्ता, हा खर्च कोणाच्याच वहीत लागत नाही. तो हजारो लोकांच्या खिशांतून थोडा थोडा जातो. भुयाराचे तसे नाही. त्याचा सगळा खर्च एकाच वेळी एकाच संस्थेच्या नावावर दिसतो आणि फायदा मात्र पन्नास-शंभर वर्षे सर्वांमध्ये विभागला जातो. म्हणून दरवेळी चर ‘स्वस्त’ आणि भुयार ‘महाग’ ठरते. लंडनमध्येही भुयारे बांधून झाली तरी कंपन्यांवर सक्ती करावी लागली. १८९३ च्या कायद्याने ती केली. जपानने १९६३ मध्ये सामायिक भुयारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागेही हाच विचार आहे.

या हिशेबात आणखी एक रकाना आहे, तो विसरता कामा नये. लंडनचे नवे रस्ते मोकळ्या जागेतून गेले नाहीत. दाट, गरीब वस्त्या पाडून ते काढले गेले आणि तिथली माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागली. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. शहराला हवा मिळाली, पण घर गमावलेल्यांची नवी सोय पाडापाडीच्या वेगाने झाली नाही. सुधारणेची किंमत विचारताना ती कोणी मोजली, हेही विचारले पाहिजे.

आपल्या देशातही रस्त्याखालची भुयारे आता नवी राहिलेली नाहीत. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत मोकळ्या जमिनीवर शहर वसवताना आधीच सेवा-बोगदा बांधण्यात आला. दिल्लीत कॅनॉट प्लेसला चालत्या बाजारपेठेत असाच बोगदा घालायचे ठरले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने हाती घेतलेले ते काम स्पर्धा आटोपल्यावरही बराच काळ चालू राहिले आणि दुकानदारांना त्याचा त्रास सोसावा लागला. मोकळी जमीन आणि भरलेला बाजार यांतला फरक बॅझलजेट यांना माहीत होता, तो आजही तेवढाच आहे. म्हणूनच मेट्रोसाठी, नव्या गटारासाठी किंवा काँक्रिटीकरणासाठी जेव्हा एखाद्या जुन्या रस्त्याचे पोट खोलवर उघडले जाते, तेव्हाची संधी मोठी असते. ती हुकली तर पुन्हा पन्नास वर्षे वाट पाहावी लागते.

शिक्षकांना यातून एक छोटा प्रकल्प करून घेता येईल. शाळेसमोरच्या शंभर मीटर रस्त्याचा प्रमाणबद्ध नकाशा विद्यार्थ्यांनी पदपथावरूनच, मोठ्यांच्या देखरेखीखाली काढावा. त्यावर जमिनीतल्या प्रत्येक झाकणाची, जाळीची आणि डांबरातल्या प्रत्येक ठिगळाची जागा दाखवावी. झाकणावर अक्षरे असतात, त्यांवरून ते पाण्याचे, सांडपाण्याचे की टेलिफोनचे हे ओळखता येते. मग त्या खुणा जोडून खालच्या वाहिन्या कशा गेल्या असतील याचा अंदाज करावा आणि हा नकाशा घेऊन नगरपालिकेच्या अभियंत्यांना भेटावे. दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्याच नकाशावर नवी ठिगळे वेगळ्या रंगाने भरावीत. चार-पाच वर्षांत शाळेकडे त्या रस्त्याचा असा इतिहास जमा होईल, जो कोणत्याही एका खात्याकडे सहसा नसतो. कारण प्रत्येक खाते फक्त स्वतःचे खड्डे मोजत असते.